ताटाच्या डाव्या बाजूचं मीठ

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधलं चौघांचं घर, सासरे ६८ वर्षांचे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, रक्तातलं क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंड थोडं कमजोर. डॉक्टरांनी ‘मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा’ असं सांगून पाठवलं. घरात वरून मीठ घेणं बंद झालं, साध्या मिठाच्या जागी सैंधव आलं, तरी बीपी हलत नाही. मीठ नेमकं किती पोटात जातंय हे कसं कळणार, ‘लो सोडियम’ मीठ आणावं का, आणि मीठ कमी केल्यावर बाकीच्या खनिजांचं काय?

सुरुवात मिठाच्या पुडक्यापासून करा. नवं पुडकं फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला, संपेल त्या दिवशी दुसरी. किलोचं पुडकं तुमच्याकडे साधारण पंचवीस दिवस पुरतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे घरात दिवसाला ४० ग्रॅम, माणशी १०. त्यातून द्राक्षं-पालेभाज्या धुवायला घेतलेलं, पातेल्याच्या तळाशी राहिलेलं, सांडलेलं असं दहा-पंधरा टक्के वजा केलं तरी माणशी साडेआठ-नऊ ग्रॅम उरतं. पाच ग्रॅमच्या घरात हेच पुडकं पन्नास दिवस चाललं पाहिजे, आणि तेही बाहेरचं काहीही न खाता. लोणचं घातलं त्या महिन्याचा हिशोब मात्र यात धरू नका, ते मीठ वर्षभर वाटलं जातं.

तुमचं घर काही जगावेगळं नाही. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीतल्या एका गटाच्या लघवीच्या नमुन्यांवरून देशाचा जो अंदाज निघाला तो माणशी दिवसाला सुमारे ८ ग्रॅम आहे, पुरुषांत ८.९ आणि बायकांत ७.१. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली राष्ट्रीय पोषण संस्था दोघींचीही मर्यादा ५ ग्रॅमची, म्हणजे २००० मिलीग्रॅम सोडियमची. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं, हा एक गुणाकार पाठ ठेवा, पुढे सारखा लागेल.

हे मीठ येतं कुठून, इथे आपली आणि पाश्चात्त्य देशांची वाट वेगळी होते. तिकडे बहुतेक मीठ ब्रेड, चीज, डबाबंद मांस यांतून, कारखान्यातच घातलेलं येतं. म्हणून ब्रिटनने २००३ नंतर उत्पादकांकडून थोडंथोडं मीठ कमी करून घेतलं आणि देशाची सरासरी २००१ च्या सुमाराच्या ९.५ ग्रॅमवरून २०११ मध्ये ८.१ वर आणली. लोकांना चवीतला फरक फारसा कळलासुद्धा नाही. आपल्याकडे बहुतांश मीठ घरच्या कढईत पडतं. तेव्हा कारखान्यांवर नियम आणून आपलं निम्मंसुद्धा काम होणार नाही, ते मिसळणाच्या डब्याशीच करावं लागेल. ‘वरून मीठ बंद’ ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी फळ देणारी पायरी आहे. कोपऱ्यात वाढलेल्या मिठातलं अर्धं तर ताटाबरोबर घासणीखाली जातं.

आता त्या मिठाच्या शेजारी बघा. ताटाची डावी बाजू म्हणजे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड, आणि आपल्या माळव्यात त्यात शेवेची भर. लोणच्याची एक मध्यम फोड खारासकट साधारण १० ग्रॅम भरते आणि त्यात एक ग्रॅम किंवा जास्त मीठ असतं. भाजलेल्या मध्यम पापडात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पाकीटबंद शेवेवर १०० ग्रॅमला ७०० ते १००० मिलीग्रॅम सोडियम सर्रास छापलेलं दिसतं. पोह्यांवर, वरणावर, भाजीत मिळून दिवसाला ४० ग्रॅम शेव गेली, तर ते झालं पाऊण ते एक ग्रॅम मीठ. वर जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला. त्यात साधं मीठ आणि पादेलोण असतंच, प्रमाण प्रत्येक दुकानाचं निराळं. चौथा हिस्सा मीठ धरलं तरी अर्धा चमचा भुरभुरल्यावर पाव-अर्धा ग्रॅम. बेरीज करा: भाजी-आमटीला हातही न लावता अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या कोट्यातलं अर्ध्याहून जास्त.

इंदूरची खरी अडचण अशी की नमकीन आपण सुटं, किलोच्या भावाने घेतो. पाकिटावर सोडियम छापणं बंधनकारक आहे, कागदी पुड्यावर काहीच नसतं. अंदाज बांधायचा तर त्याच प्रकारच्या पाकीटबंद शेवेचा आकडा धरून चाला. शिवाय शेव डब्यातून मुठीने घेऊ नका. एक छोटी वाटी ठरवा, ती एकदा काट्यावर भरून बघा, आणि सासऱ्यांची दिवसाची शेव त्या वाटीत १५ ग्रॅमच्या खुणेपर्यंत. पूर्ण बंद केली तर ते तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन खातील आणि तुमचा हिशोब कोसळेल.

पोह्यांचं जवळून सांगतो, कारण इथे दुप्पट मीठ पडतं आणि लक्षात येत नाही. भिजवून निथळलेल्या पोह्यांवरच आपण हळद, मीठ, साखर घालून हलवतो, म्हणजे पोहे स्वतःच पुरेसे खारट होतात. नंतर त्यावर शेव, जीरावन, कांदा, लिंबू. वरचं सगळं घालणारच असाल, तर पोह्यांत नेहमीच्या निम्मं मीठ घाला. चव वरच्या थरातून येते, कारण मिठाचा जो कण जिभेला थेट लागतो तोच खारट भासतो. आत मुरलेला पोटात जातो, पण जिभेला तितका जाणवत नाही. कोशिंबिरीचंही तसंच. आधी मीठ लावून ठेवली की काकडीला पाणी सुटतं, ते कोणीतरी ओतून देतं, मग अळणी लागते म्हणून पुन्हा मीठ. ताटं वाढताना मीठ लावा, निम्म्यात काम होतं. गराडू या तळून खायच्या कंदालाही हाच नियम. तळताना मीठ नको, वर जीरावन आणि भरपूर लिंबू.

खाण्याचा सोडा लोक विसरतात. सपाट चमचाभर सोड्यात साडेबाराशे मिलीग्रॅमच्या घरात सोडियम असतं, म्हणजे तीन ग्रॅम मिठाइतकं. बाफले, ढोकळा, हरभरे शिजवताना घातलेली चिमूट, पापडखार, पोट जड वाटलं की घेतलेलं फसफसणारं फ्रूट सॉल्ट, सगळं त्याच खात्यात. सोड्यातलं, म्हणजे बायकार्बोनेटबरोबर आलेलं, सोडियम बीपीला मिठातल्या सोडियमइतकं चढवत नाही असं दिसतं, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाने ती सूट घेऊ नये.

आकडा पक्काच हवा असेल तर चोवीस तासांची लघवी. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे नव्वद टक्के लघवीतून जातं, त्यामुळे याहून चांगलं मोजमाप नाही. पद्धत अशी: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात टाकायची आणि वेळ लिहून ठेवायची, समजा ६.३०. त्यानंतरचा थेंबन् थेंब लॅबने दिलेल्या कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ६.३० ची लघवीही त्यातच. चूक दोनच ठिकाणी होते. पहिली लघवीही कॅनमध्ये जाते, किंवा शौचाला गेल्यावरची वाया जाते. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजून घ्या. ते वजनाच्या मानाने फार कमी आलं तर संकलन अपुरं समजा. लग्नाचा, सणाचा किंवा उपासाचा दिवस निवडू नका. लघवी वाढवणारी, म्हणजे ‘पाण्याची’ नवी गोळी नुकतीच चालू झाली असेल तर दोन-तीन आठवडे थांबा.

हिशोब: कॅनमध्ये १.८ लिटर आणि सोडियम लिटरला ९० मिलीमोल आलं तर एकूण १६२ मिलीमोल. एक मिलीमोल म्हणजे ५८.५ मिलीग्रॅम मीठ, तेव्हा साडेनऊ ग्रॅम. उरलेले दहा टक्के धरले तर साडेदहा. एकाच वेळच्या लघवीवरून सूत्राने काढलेला आकडा हजारो माणसांच्या सरासरीला ठीक, एका सासऱ्यांसाठी नाही. एक दिवसाची चोवीस तासांची तपासणीसुद्धा त्या दिवसाचंच सांगते, म्हणून पुडक्याचा हिशोब आणि ही तपासणी शेजारी ठेवून वाचा.

आता कमी कसं करायचं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा घ्या. रोज सकाळी दिवसभराचं मीठ एका वाटीत काढा आणि स्वयंपाक त्याच वाटीतून करा. मिसळणाच्या डब्यातलं मिठाचं भांडं रिकामं ठेवा. आज ४० ग्रॅम आहे. पंधरा दिवस ३६, पुढचे पंधरा ३२, मग २८, २४, २०, आणि शेवटी १६. तीन महिने लागतात. एकदम निम्मं केलं की चौथ्या दिवशी घर बंड करतं आणि लोणच्याची बरणी दुप्पट वेगाने रिकामी होते. दहा टक्क्यांच्या आसपासचा उतार जिभेला सहसा कळत नाही, आणि काही आठवड्यांत जीभ स्वतःच नव्या पातळीवर बसते. मग जुनं प्रमाण खारट लागायला लागतं. १६ ग्रॅम म्हणजे माणशी ४, त्यावर डाव्या बाजूचं एक ग्रॅम.

कुठून उचलायचं हे ठरलेलं असलं की सोपं जातं. कणकेतलं मीठ पहिलं काढा. अर्धा किलो कणकेत चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम जातं आणि पोळी भाजीबरोबर खाताना ते कोणाला कळत नाही. भातातलंही. ताक साधं, वर जिरेपूड. आमटी हा मोठा ग्राहक: लिटरभर आमटीत लोक आठ-नऊ ग्रॅम घालतात, ती आंबट नीट असेल तर पाच-सहावर भागते. इथे चिंच, कच्ची कैरी, लिंबू कामाला येतात. आमसुलं मात्र चाखून घ्या, बाजारातल्या पुष्कळांना मीठ चोळलेलं असतं, आणि आगळ तर खारवलेलंच. चाट मसाला हा मिठाला पर्याय नव्हे, ते मीठच आहे. आमटी पातळ करून वाढवली की मीठही ‘पाण्याला’ म्हणून वाढतं. पाहुणे आले की पाणी घालायची सवय असेल तर फोडणी आणि आंबट वाढवा.

चमच्यांवर विसंबू नका. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा पाच-सहा ग्रॅम, शिगोशीग भरलेला त्याच्या जवळपास दुप्पट, आणि जाडं सैंधव त्याच चमच्यात कमी मावतं. तुमच्या हाताची चिमूट किती ग्रॅमची हे जाणायचं तर वीस चिमटी काट्यावर टाकून वजनाला वीसने भागा. घरातल्या दोन बायकांच्या चिमटीत दुपटीचा फरक निघू शकतो, मग ‘काल अळणी, आज खारट’ याचंही कोडं सुटतं.

सैंधवाकडे वळू. त्यातही पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. पाच ग्रॅममधून मिळणारं लोह किंवा मॅग्नेशियम हिशोबात धरण्याइतकं नसतं. बीपीसाठी ते आणि साधं मीठ सारखंच, म्हणून तुमचा बदल निष्फळ ठरला. तोटा वेगळाच झाला: बहुतेक सैंधवात आयोडीन नसतं. उपासाच्या दिवशी वापरा, ते ठीक. रोजचं मीठ आयोडीनयुक्तच हवं, विशेषतः घरात शाळकरी मुलगी आहे म्हणून.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन लागतं, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची गरज रोज १५०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची २५०. दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याला १५ पीपीएमने पुरतं, पाच ग्रॅम खाणाऱ्याला ७५ च मिळतात. मीठ कमी करा आणि आयोडीन चालू ठेवा, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं वाटतं ते यामुळे. तोडगा मीठ वाढवण्यात नसून त्यातल्या आयोडीनच्या मात्रेत आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या तक्त्यात जिथे सरासरी १० ग्रॅम खाल्लं जातं तिथे २० पीपीएम आणि ५ ग्रॅमला ३९ पीपीएम सुचवलं आहे. देशाचं मीठ खरोखर उतरलं तर आपल्याला कधीतरी तो आकडा वर न्यावा लागेल. तोवर घरात आयोडीन वाया जाऊ देऊ नका: बरणी झाकणाची आणि कोरडी, शेगडीपासून लांब, पुडकं महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच, आणि मीठ पदार्थ उतरवायच्या सुमाराला. दूध, दही, अंडी यांतून थोडी भर पडते.

लो सोडियम मीठ, म्हणजे ज्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं ते, तुमच्या घरात आणू नका. हे मीठ वाईट नाही, उलट चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. धडधाकट मूत्रपिंडाच्या, बीपी असलेल्या माणसासाठी मी त्याच्या बाजूचा आहे. पण १.६ क्रिएटिनिन आणि टेल्मिसार्टन, दोन्ही पोटॅशियम अंगात साठवतात. ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाच्या एका ग्रॅममधून जवळपास १५७ मिलीग्रॅम पोटॅशियम येतं. आठ ग्रॅम वापरलं तर साडेबाराशे मिलीग्रॅमची वाढ, एका फटक्यात. रक्तातलं पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांना धोका, आणि बहुतेक वेळा आधी काहीच जाणवत नाही. रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी-हृदयाची औषधं घेणाऱ्यांनाही हेच लागू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या शिफारशीतही मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना यातून वगळलं आहे. ‘त्यांच्यापुरतं साधं मीठ, बाकीच्यांना लो सोडियम’ असा दोन बरण्यांचा बेतही करू नका. दोन बरण्या कधीतरी बदलतातच.

बाकीच्या तिघांना पोटॅशियम ताटातून मिळू द्या. दिवसाला साडेतीन हजार मिलीग्रॅम हे लक्ष्य, आणि ते वरण, बटाटा, गराडू, पालेभाजी, केळं, दूध यांनी गाठता येतं, भाजी शिजवलेलं पाणी मोरीत गेलं नाही तर. सासऱ्यांचं पथ्य रिपोर्टवर ठरेल: पोटॅशियम ५ च्या आत असेल तर फळं-भाज्या उगाच बंद करू नका, वर असेल तर बटाटा-गराडू बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकायचं.

कॅल्शियमचा मिठाशी थेट संबंध आहे. दर २.३ ग्रॅम सोडियममागे साधारण ४० मिलीग्रॅम कॅल्शियम लघवीतून जातं, म्हणून मीठ घटवणं हे सासूबाईंच्या हाडांच्याही फायद्याचं. दही, तीळ, राजगिरा आपल्याकडे आहेतच. पाण्याचं एकच बघा. बोअरचं पाणी मृदू करणारं सॉफ्टनर बिल्डिंगला असेल तर ते कॅल्शियम काढून सोडियम सोडतं: लिटरला ५०० मिलीग्रॅम कठीणपणाचं पाणी पूर्ण मृदू झालं की लिटरला २३० मिलीग्रॅम सोडियम. पिण्याचा-स्वयंपाकाचा नळ त्याच्या आधीच्या लाइनवर घ्या, किंवा नर्मदेच्या नळाचं पाणी वेगळं भरा. आरओ असेल तर हे सोडियम बरंचसं निघून जातं.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. मीठ दिवसाला साडेचार ग्रॅमच्या आसपास कमी झालं, तर बीपी असलेल्यांत वरचा आकडा सरासरी पाच-साडेपाचाने उतरतो. कोणाचा दहाने, कोणाचा काहीच नाही. वयस्करांत जास्त दिसतो. गोळी सुटणार नाही, पण मात्रा बदलू शकते, आणि ती डॉक्टरच बदलतील.

मे महिन्यात ‘घाम जातो, मीठ वाढवा’ असं शेजारी सांगतील. पंख्याखाली बसणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. दुपारभर उन्हात राबणाऱ्याची गोष्ट वेगळी. मात्र सासऱ्यांना बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध जोडलेलं असेल आणि जुलाब-उलट्या लागल्या किंवा जेवण सुटलं, तर मिठाचं पथ्य त्या दिवसापुरतं बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. गुंगी, बरळणं, तोल जाणं हे सोडियम फार उतरल्याचंही लक्षण असतं. एरवी मीठ कमी करत असताना आठवड्यातून दोनदा, सकाळी गोळीच्या आधी, बसून आणि मग उभं राहून एक मिनिटाने बीपी मोजा. उभ्याचा वरचा आकडा २० ने पडत असेल किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मिठाच्या वाटीचं वजन लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबत पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट असू द्या.